पानाच्या शिरेपासून बोंडापर्यंत : शर्करावहनाच्या संशोधनाचा इतिहास आणि बुलढाणा जिल्ह्यातील कापूस

प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात रसवाहिनीचा पाठ बहुधा भोपळ्याच्या खोडाच्या छेदाने सुरू होतो. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली चाळणी पट्ट पाहतात, आकृती काढतात, एर्न्स्ट म्युंख यांच्या दाबप्रवाहाच्या सिद्धांताची व्याख्या पाठ करतात आणि पाठ संपतो. हा विषय युरोपातील प्रयोगशाळांत जन्मला, तेथील वृक्षांवर वाढला आणि तेथेच पूर्णत्वास गेला, असा समज त्यातून नकळत तयार होतो. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या आवाराबाहेर उभ्या असलेल्या कापसाशी या पाठाचा काही संबंध असेल, असे विद्यार्थ्यास वाटत नाही.

वस्तुस्थिती निराळी आहे. पानात तयार झालेली साखर वनस्पतीच्या कोणत्या ऊतीतून आणि कोणत्या नियमाने वाहते, या प्रश्नाचे पहिले भक्कम संख्यात्मक उत्तर कापसाच्या झाडाने दिले. पानाच्या हिरव्या गरातून शिरेत शिरताना साखर कमी संहतीकडून अधिक संहतीकडे जाते, ही विलक्षण गोष्टही प्रथम कापसाच्या पानातच नोंदली गेली. हे संशोधन ज्या गरजेतून उभे राहिले, त्याच गरजेने त्यापूर्वी अर्धशतक खामगावात रेल्वे आणली होती. प्रस्तुत लेखात या संशोधनाच्या इतिहासाचा आढावा घेतला असून त्याच्या प्रकाशात जिल्ह्यातील कापूस आणि ज्वारी या पिकांतील काही परिचित घटनांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

खामगावची बाजारपेठ आणि साम्राज्याची गरज

1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथून लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा पुरवठा खुंटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे महत्त्व एकाएकी वाढले. अमरावतीच्या नावावरून 'उमरा' या व्यापारी नावाने ओळखला जाणारा वऱ्हाडी कापूस मुंबई बंदरातून परदेशी जाऊ लागला. खामगाव ही त्या व्यापाराची एक प्रमुख पेठ होती. जलंब ते खामगाव ही छोटी शाखा-रेल्वे 1870 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उपस्थित होते. काही मैलांच्या लोहमार्गासाठी व्हाइसरॉयने वऱ्हाडात यावे, यावरून त्या गाठींचे मोल लक्षात येते.

तथापि वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड होता आणि गिरण्यांना लांब धाग्याची अपेक्षा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. 1917-18 च्या भारतीय कापूस समितीच्या शिफारशींनुसार 1921 मध्ये मुंबईत मध्यवर्ती भारतीय कापूस समिती स्थापन झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एम्पायर कॉटन ग्रोइंग कॉर्पोरेशनला शाही सनद मिळाली. या कॉर्पोरेशनने 1926 मध्ये वेस्ट इंडिजमधील त्रिनिदाद बेटावर कापूस संशोधन केंद्र उघडले. या केंद्राचा आणि भारताचा संबंध पुढे प्रत्यक्षही आला. तेथे काम करणारे जोसेफ हचिन्सन 1933 मध्ये इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत आले आणि भारतीय कापसाच्या वर्गीकरणाचे महत्त्वाचे काम त्यांनी केले. शर्करावहनाच्या इतिहासातील निर्णायक प्रकरण याच त्रिनिदाद केंद्रात लिहिले गेले. त्याचे महत्त्व समजण्यासाठी त्यापूर्वीच्या अडीचशे वर्षांकडे वळणे आवश्यक आहे.

सालीचे कोडे

सतराव्या शतकात बोलोन्याचे शरीररचनाशास्त्रज्ञ मार्चेल्लो मालपिगी यांनी झाडाच्या खोडावरील सालीचे वलय काढून टाकले. पाणी वर चढत राहिले, पाने ताजी राहिली. परंतु वलयाच्या वरच्या बाजूची साल फुगली आणि खालच्या भागाची वाढ थांबली. पानांत पक्व झालेला रस सालीतून खाली उतरतो, असे अनुमान त्यांनी काढले. हाच प्रयोग आज महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदार 'गर्डलिंग' या नावाने करतात. साल कापल्याने साखर मुळांकडे न जाता मण्यांकडे वळते आणि मणी फुगतात.

साल हा मार्ग असला, तरी सालीतील नेमका कोणता भाग तो मार्ग आहे, हे सांगण्यास दीड शतक लागले. 1837 मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ टेओडोर हार्टिग यांना सालीत लांबट पेशींच्या रांगा दिसल्या. त्यांच्या आडव्या भिंतींना चाळणीसारखी छिद्रे होती. त्यांनाच आज आपण चाळणी नलिका म्हणतो. 1858 मध्ये कार्ल नेगेली यांनी जलवाहिनी आणि रसवाहिनी या दोन ऊतींना स्वतंत्र नावे दिली. पुढे चाळणी नलिकेला चिकटून असणाऱ्या सहपेशी ओळखल्या गेल्या. 1880 च्या दशकात आल्फ्रेड फिशर यांनी भोपळ्याच्या कुळातील वनस्पतींच्या पानांतील बारीक शिरा तपासल्या. खोडातील सहपेशी चाळणी नलिकेपेक्षा अरुंद असतात. पानाच्या सूक्ष्म शिरांत मात्र त्या चाळणी नलिकेपेक्षा मोठ्या, जीवद्रव्याने दाट भरलेल्या असतात, असे त्यांना आढळले. त्यांना त्यांनी 'संक्रमण पेशी' असे नाव दिले. पानाच्या शिरेत काही विशेष घडत असावे, याची ही पहिली सूचना होती. तिचा अर्थ लागण्यास मात्र आणखी अर्धशतक जावे लागले.

लाकूड की साल : 1922 चा वाद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चाळणी नलिकेचा सिद्धांत प्रस्थापित झाल्यासारखा दिसत होता. 1922 मध्ये डब्लिनचे हेन्री डिक्सन यांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतला. डिक्सन हे जलवाहिनीतील पाण्याच्या चढण्याचा सिद्धांत मांडणारे मान्यवर शास्त्रज्ञ होते. बटाट्याचा कंद किती काळात भरतो, त्याच्या देठातील रसवाहिनीचा छेद किती आहे, याचे गणित त्यांनी केले. सर्व साखर रसवाहिनीतूनच येत असेल, तर द्रवाला तासाला सुमारे 50 सेंटिमीटर वेगाने धावावे लागेल, असे उत्तर निघाले. चाळणी पट्टांच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि चिकट द्रव्याने भरलेल्या नळ्यांतून एवढा वेग अशक्य आहे; म्हणून साखर लाकडातूनच, म्हणजे जलवाहिनीतूनच वाहत असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

गणित बरोबर होते, निष्कर्ष चुकीचा होता. परंतु तो चुकीचा आहे हे केवळ झाडाची साल काढून सिद्ध होणार नव्हते. साल काढताना लाकडालाही इजा होते, असे उत्तर देता येत होते. साखर प्रत्यक्ष कोठे आहे, किती आहे आणि तासातासाला कशी बदलते, हे मोजल्याशिवाय वाद मिटणे शक्य नव्हते.

त्रिनिदादमधील कापसाची झाडे

टी. जी. मेसन या वनस्पतिक्रियाशास्त्रज्ञाचे कापसाशी नाते पातेगळीपासून सुरू झाले. वेस्ट इंडिजमधील सी आयलंड कापसाची वाढ आणि पाते-बोंडांची गळ यांवरील त्यांचा शोधनिबंध 1922 मध्ये प्रसिद्ध झाला. झाडावर लागलेली सर्व बोंडे झाडाला पोसता येत नाहीत. अन्नाचा पुरवठा अपुरा पडला की बोंडे गळतात, असा विचार त्यामागे होता. पातेगळ हा शब्द बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक कापूस उत्पादकाच्या तोंडी आहे. त्याच प्रश्नातून मेसन यांना मूळ प्रश्न सापडला : पानातील अन्न बोंडापर्यंत जाते तरी कसे?

त्रिनिदाद केंद्रात ई. जे. मास्केल यांच्या सहकार्याने त्यांनी केलेले काम 1928 मध्ये दोन दीर्घ निबंधांत प्रसिद्ध झाले. त्यांची पद्धत सोपी आणि कष्टाची होती. रात्रंदिवस ठरावीक अंतराने कापसाची झाडे कापायची, पाने, साल आणि लाकूड वेगळे करायचे आणि प्रत्येकातील साखर मोजायची. दिवस चढला की पानातील साखर वाढत होती. तिच्या मागोमाग सालीतील साखरही वाढत होती. लाकडातील साखर या चढउताराला तशी साथ देत नव्हती. सालीचे वलय काढले की साखर वरच्या बाजूस साचत होती. साल लाकडापासून सोडवून दोहोंमध्ये अडसर ठेवला, परंतु साल स्वतः अखंड ठेवली, तर वहन चालूच राहत होते. लाकडाचा मार्ग यामुळे बाद झाला.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष दुसऱ्या निबंधात होता. सालीतील साखरेच्या संहतीत वरून खाली जेवढा उतार, तेवढ्या प्रमाणात वहनाचा वेग, असे त्यांना आढळले. नियम विसरणासारखाच होता; मात्र वेग पाण्यातील सुक्रोजच्या विसरणापेक्षा सुमारे 40,000 पट अधिक होता. एवढी प्रवेगित विसरणाची क्रिया कशी घडते, हे त्यांना सांगता आले नाही. त्यांनी दिलेली यंत्रणा पुढे मान्य झाली नाही. त्यांची मोजमापे मात्र टिकली. वहनाच्या कोणत्याही सिद्धांताला या आकड्यांशी आपली सांगड घालणे त्यानंतर भाग पडले.

1933 मध्ये ई. फिलिस आणि मेसन यांनी याच मालिकेतील तिसरा निबंध प्रसिद्ध केला. त्यात कापसाच्या पानातील साखरेच्या वाटणीचा अभ्यास होता. खोडात साखर अधिक संहतीकडून कमी संहतीकडे जाते. पानातही तसेच अपेक्षित होते. प्रत्यक्षात पानाच्या गरापेक्षा शिरांत साखर अधिक आढळली. याचा अर्थ असा, की जेथे आधीच साखर जास्त आहे तेथे झाड आणखी साखर भरते. पाणी उतारावरून आपोआप वाहते. चढावर चढवायचे तर मोट लागते. पानाच्या शिरेत ही मोट कोण हाकते, हा पुढील ऐंशी वर्षांचा प्रश्न ठरला.

म्युंख यांचा सिद्धांत आणि त्याची परीक्षा

दरम्यान 1930 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट म्युंख यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे प्रतिमान सर्वपरिचित आहे. पाणी आत घेणारे दोन कोश एका नळीने जोडले. एका कोशात साखरेचे दाट द्रावण, दुसऱ्यात विरळ. दाट द्रावणाच्या कोशात परासरणाने पाणी शिरते, दाब वाढतो आणि संपूर्ण द्रावण नळीतून दुसऱ्या कोशाकडे ढकलले जाते. पान हा पहिला कोश आणि बोंड, कंद किंवा मूळ हा दुसरा कोश. साखर एकटी प्रवास करीत नाही. पाण्यासह सर्व द्रवच वाहतो. मेसन आणि मास्केल यांना जे अतिवेगवान विसरण वाटले होते, ते वस्तुतः दाबाने वाहणारा प्रवाह होता. संहतीचा उतार आणि वेग यांचा संबंधही त्यामुळे उलगडला, कारण संहतीतील फरक हाच दाबातील फरक निर्माण करतो.

आक्षेप मात्र संपले नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चाळणी पट्टांची छिद्रे अनेकदा प्रथिनांनी बुजलेली दिसत. बुजलेल्या छिद्रांतून प्रवाह कसा जाणार? हळूहळू असे ध्यानात आले, की जिवंत नलिका कापताक्षणी आतील दाब सुटतो आणि त्या झटक्याने प्रथिने छिद्रांवर जाऊन बसतात. जखम झाली की रस वाया जाऊ नये, अशीच ही व्यवस्था आहे. 2016 मध्ये मायकेल नोब्लॉख आणि सहकाऱ्यांनी मॉर्निंग ग्लोरी या वेलीवर केलेल्या मोजमापांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेल जसजशी लांब होत गेली, तसतसा पानाकडील दाब आणि चाळणी नलिकांची वाहकता दोन्ही वाढत गेली. म्युंख यांच्या सिद्धांताला एवढा थेट आधार मिळण्यास 86 वर्षे लागली.

सूक्ष्म शिरेची रचना

खोडातील प्रवाहाचा प्रश्न सुटत असताना पानातील 'मोटे'चा शोध स्वतंत्रपणे चालू होता. त्यासाठी शिरेची रचना पाहणे आवश्यक आहे. सपुष्प वनस्पतींच्या पानात मधली शीर आणि तिच्या मोठ्या शाखा या मुख्यतः वाहून नेण्याचे काम करतात. साखर गोळा करण्याचे काम अगदी बारीक, डोळ्यांना जाळीसारख्या दिसणाऱ्या शिरा करतात. शुगर बीटच्या पानात दर चौरस सेंटिमीटर क्षेत्रात अशा बारीक शिरांची लांबी सुमारे 70 सेंटिमीटर भरते. त्यामुळे पानातील कोणतीही हिरवी पेशी शिरेपासून काही थोड्या पेशींपेक्षा दूर नसते.

या शिरेतील चाळणी नलिकेची पेशी जिवंत असते. तथापि पक्व होताना ती आपले केंद्रक, रिक्तिका-पटल आणि प्रथिने तयार करणारी रायबोसोम गमावते. प्रवाहाला वाट मोकळी करण्यासाठी दिलेली ही किंमत होय. तिचा संसार शेजारची सहपेशी चालविते. दोघी एकाच मातृपेशीच्या विभाजनातून जन्मतात आणि पेशीभित्तीतून जाणाऱ्या जीवद्रव्याच्या सूक्ष्म धाग्यांनी जोडलेल्या राहतात. सहपेशीत तंतुकणिकांची गर्दी असते, कारण साखर चढावर नेण्यास ऊर्जा लागते. 1969 मध्ये जॉन पेट आणि ब्रायन गनिंग यांनी सपुष्प वनस्पतींच्या अनेक कुळांतील पानांची पाहणी प्रसिद्ध केली. वाटाण्यासारख्या काही वनस्पतींत सहपेशींची भित्ती आतल्या बाजूस असंख्य बोटांसारखी वाढलेली असते आणि त्यामुळे पटलाचे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढते, असे त्यांनी दाखविले. फिशर यांच्या 'मोठ्या सहपेशीं'चे प्रयोजन आता स्पष्ट होऊ लागले होते.

यंत्रणेचा रेणू 1992 मध्ये हाती आला. यॉर्ग रीसमायर, लोथार विल्मित्सर आणि वोल्फ फ्रोमर यांनी पालकातून सुक्रोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. पेशी प्रथम ऊर्जा खर्च करून प्रोटॉन बाहेर टाकते. बाहेरचे प्रोटॉन आत परत येताना सुक्रोजला सोबत आणतात. 2012 मध्ये रसवाहिनीच्या मृदूतक पेशींतून सुक्रोज बाहेर सोडणारी 'स्वीट' गटातील प्रथिने ॲराबिडॉप्सिस वनस्पतीत निश्चित झाली. फिलिस आणि मेसन यांनी कापसाच्या पानात नोंदलेल्या चढाचा अर्थ अशा रीतीने रेणूंच्या पातळीवर लागला.

येथे अध्यापकांच्या दृष्टीने एक बाब लक्षणीय आहे. सर्वच वनस्पती याच मार्गाने शिरेत साखर भरत नाहीत. भोपळ्याच्या कुळात सुक्रोज जीवद्रव्याच्या धाग्यांतूनच सहपेशीत येते आणि तेथे तिचे रॅफिनोज व स्टॅकिओज या मोठ्या शर्करांत रूपांतर होते. मोठा झालेला रेणू त्याच अरुंद वाटेने परत फिरू शकत नाही. रॉबर्ट टर्जन यांनी 1991 मध्ये मांडलेली ही कल्पना 'बहुवारिक सापळा' म्हणून ओळखली जाते. म्हणजे ज्या भोपळ्याच्या छेदावरून रसवाहिनी शिकविली जाते, तो भोपळा शर्करा भरण्याच्या बाबतीत सर्वसामान्य प्रतिनिधी नव्हे. त्याच्या मोठ्या चाळणी नलिका पाहण्यास सोयीच्या आहेत, एवढेच.

ज्वारीचे पान आणि माव्याची सोंड

कापसाच्या शेजारी जिल्ह्याचे दुसरे पारंपरिक पीक ज्वारी. तिच्या पानातील रचना निराळी आहे. 1884 मध्ये गोटलीब हाबरलांट यांनी काही वनस्पतींत शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचे कडे आणि त्याभोवती मध्योतकाचे दुसरे कडे वर्णिले. त्याला त्यांनी जर्मन भाषेतील 'क्रांझ', म्हणजे माळ, हा शब्द वापरला. या रचनेचे कार्य समजण्यास ऊस कारणीभूत ठरला. 1965 मध्ये हवाई बेटांवर ह्यूगो कोर्टशॅक आणि सहकाऱ्यांनी, तर 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी उसाच्या पानातील चार-कार्बनी मार्ग उलगडला. ज्वारीचा समावेश याच गटात होतो. तिच्या पानात दोन शिरांमध्ये मध्योतकाच्या मोजक्याच पेशी असतात, त्यामुळे शिरा अतिशय दाट असतात. कडक उन्हात आणि कमी पाण्यात अधिक साखर करण्याची ज्वारीची क्षमता या रचनेशी निगडित आहे. गेल्या काही दशकांत विदर्भात ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीन वाढले. त्याबरोबर शिरांची ही रचना दाखविणारे हाताजवळचे उदाहरणही विद्यार्थ्यांच्या डोळ्यांआड होत आहे.

चाळणी नलिकेतील रस शुद्ध स्वरूपात मिळविणे ही शास्त्रज्ञांची जुनी अडचण होती. ती एका किडीने दूर केली. मावा आपली केसासारखी सोंड नेमकी एकाच चाळणी पेशीत खुपसतो. 1953 मध्ये जे. एस. केनेडी आणि टी. ई. मिटलर यांनी रस शोषत असलेल्या माव्याची सोंड कापली. माव्याचे शरीर बाजूला गेले, तरी उरलेल्या सोंडेतून रस बाहेर येतच राहिला. मावा रस ओढत नव्हता. नलिकेतील दाबच तो बाहेर ढकलत होता. म्युंख यांच्या दाबाचा हा जिवंत पुरावा होता. या रसात साखर मुबलक आणि नत्रयुक्त पदार्थ अल्प असतात. नत्राची गरज भागविण्यासाठी माव्याला भरपूर रस घ्यावा लागतो आणि जादा साखर तो शरीराबाहेर टाकतो. कापसाच्या पानांवर 'चिकटा' पडला, असे शेतकरी म्हणतात तेव्हा तो हाच रस असतो. त्यावर काळी बुरशी वाढते आणि उमललेल्या बोंडावर तो पडल्यास रुई चिकट होऊन सूतकताईत अडथळा येतो.

लाल्या : वहनाच्या दृष्टीने

कापसाचा तंतू नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज हे साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांनी बनते. म्हणजे वेचणीत हाती येणारी रुई ही पानाच्या शिरांतून वाहून आलेली साखरच होय. बोंडाला ती मुख्यतः त्याच्या लगतच्या पानाकडून मिळते. हे ध्यानात घेतले, की जिल्ह्यातील कापूस उत्पादकांना दरवर्षी सतावणाऱ्या 'लाल्या' या विकृतीकडे निराळ्या नजरेने पाहता येते.

बोंडे भरण्याच्या काळात पाने लाल होतात, सुकतात, गळतात आणि वरची बोंडे भरत नाहीत. त्याची कारणे अनेक आहेत : नत्राची कमतरता, मॅग्नेशियमची कमतरता, रात्रीच्या तापमानातील घट, पाण्याचा ताण, तुडतुड्यांचा प्रादुर्भाव आणि एकाच वेळी लागलेल्या बोंडांचा भार. 2002 मध्ये भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाल्यानंतर सुरुवातीची बोंडे बोंडअळीपासून वाचून झाडावर टिकू लागली. त्यामुळे कमी कालावधीत पानांवरील मागणी वाढली आणि हलक्या, कोरडवाहू जमिनीत तिचा ताण अधिक जाणवू लागला.

या कारणांपैकी मॅग्नेशियमचा संबंध थेट शिरेशी आहे. 1994 मध्ये इस्माईल चाकमाक आणि सहकाऱ्यांनी घेवड्यावरील प्रयोगांत दाखविले, की मॅग्नेशियम कमी पडल्यास पानात सुक्रोज साचते आणि मुळांकडे जाणारा पुरवठा घटतो. प्रोटॉन बाहेर टाकणाऱ्या विकराला मॅग्नेशियमयुक्त एटीपी लागतो. तो नसेल तर 'मोट' थांबते. पानात साखर साचल्यास लाल रंगद्रव्य, म्हणजे अँथोसायनिन, तयार होण्यास चालना मिळते, हेही ॲराबिडॉप्सिसवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुक्रोज-वाहक प्रथिन निकामी असलेल्या मक्याच्या पानांत साखर आणि अँथोसायनिन दोन्ही साचलेले आढळले. लाल्याची सर्वच प्रकरणे याच एका कारणाने घडतात, असा दावा करता येणार नाही. परंतु लाल झालेले पान हे प्रत्येक वेळी अन्न तयार न करणारे पान असेलच असे नाही. कित्येकदा ते तयार केलेले अन्न पाठवू न शकणारे पान असते, एवढे म्हणण्यास आधार आहे. कृषी शिफारशींतील मॅग्नेशियम सल्फेटच्या फवारणीचा अर्थही यातून उलगडतो.

या प्रश्नाला भारतीय पूर्वपीठिका आहे. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम केलेले आर. एच. दस्तूर यांनी पंजाबातील अमेरिकन कापसात बोंडे अकाली उघडून रुई निकृष्ट राहण्याच्या 'तिरक' या विकृतीचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष 1944 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हलक्या वालुकामय जमिनीत नत्राची कमतरता आणि काही ठिकाणी जमिनीच्या खालच्या थरातील क्षार, अशी दोन वेगवेगळी कारणे त्यांनी वेगळी करून दाखविली आणि कारणानुसार उपायही निराळे सांगितले. एकसारख्या दिसणाऱ्या लक्षणांमागे जमिनीनुसार निराळी कारणे असतात, हा त्यांच्या कामाचा धडा आहे. घाटावरची हलकी जमीन आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा एकाच जिल्ह्यात असल्याने तो बुलढाण्यास विशेष लागू पडतो.

निष्कर्ष

शर्करावहनाच्या ज्ञानाचा इतिहास हा केवळ प्रयोगशाळेचा इतिहास नाही. कापसाच्या गाठींची गरज नसती, तर त्रिनिदादमध्ये रात्रंदिवस कापसाच्या सालीतील साखर कोणी मोजली नसती. ज्या मागणीने खामगावची पेठ उभी केली, तिनेच हे संशोधनही उभे केले. मात्र पेठेतून कापूस ज्या वेगाने बाहेर गेला, त्या वेगाने त्या संशोधनातील ज्ञान कापूस पिकविणाऱ्या शेतात परत आले नाही. पातेगळीच्या कारणांचा शोध घेताना मेसन यांनी विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने जिवंत आहे.

1969 मध्ये अकोल्यात स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, जे आज डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते, आणि 1976 मध्ये नागपुरात स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्यामुळे संशोधनाची साधने आता या प्रदेशातच उपलब्ध आहेत. महाविद्यालयांच्या वाट्याला येणारे काम त्याहून साधे आहे. भोपळ्याच्या खोडाबरोबर कापसाच्या आणि ज्वारीच्या पानांचे छेद विद्यार्थ्यांना दाखवावेत. लाल झालेले आणि हिरवे पान यांतील पिष्टाची तुलना आयोडीनच्या साध्या चाचणीने करता येते. ती जमिनीच्या प्रकारानुसार निरनिराळ्या तालुक्यांतून केल्यास विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकातून स्थानिक उपयोगाची माहिती जमा होईल. रसवाहिनीचा पाठ अशा रीतीने शिकविला गेल्यास चाळणी पट्टाच्या आकृतीला घरच्या शेताचा संदर्भ मिळेल आणि वडिलांच्या शेतात पाने लाल का झाली, हा प्रश्न विद्यार्थी वर्गात विचारू शकेल.